जावयाचं विमान हलकं

रविवारी सकाळचा दुसरा चहा झाला की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. बसल्या बसल्या पाय हलवू नयेत, घरातली लक्ष्मी जाते, असं आई लहानपणापासून सांगत आली आहे. लक्ष्मीला जायचंच असेल तर ती माझ्या पायाची वाट कशाला बघेल, असं मी तिला म्हणतो आणि पाय हलवत राहतो. एका जागी बूड टिकत नाही हे माझं जन्माचं दुखणं. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी तपासणीला आहे तिथंही मी उभ्यानंच काम करतो. लेथवरून उतरलेला भाग मापात आहे का बघायचं, नसला तर बाजूला टाकायचा. आठवडाभर केसाएवढा फरक मी कुणाला सोडत नाही, त्यामुळे तिथं माझ्यावर फारसं कुणी खूश नसतं.

रविवारी मात्र मी विमानं उडवतो. कॉम्प्युटरवरच, पण त्याला गेम म्हटलेलं मला खपत नाही. गेममध्ये बटण दाबलं की विमान उडतं. हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर आहे. इथं नुसतं इंजिन चालू करायला इतकी बटणं फिरवावी लागतात की शेजारचे काका एकदा कौतुकानं बघायला आले आणि विमान धावपट्टीवर यायच्या आत चहा पिऊन निघून गेले. टेबलावर जॉयस्टिक आहे. पायातली पेडलं मी कुपवाडातल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवून घेतली. माझ्या हलत्या पायाला निदान काहीतरी काम मिळालं.

हे मी एकटा करत नाही. दाजींबरोबर करतो. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ते विट्याकडचे, आणि विट्याकडच्या अर्ध्या लोकांसारखी त्यांचीही गलाई आहे, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं दुकान. गलाईवाले भारतभर पसरलेत. दाजींचं दुकान तमिळनाडूतल्या एका गावात आहे. खाली भट्टी आणि ॲसिडच्या बरण्या, वर एक खोली, त्या खोलीत दाजी, माझी बहीण आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. सोनं खाली असतं म्हणून माणसांनी वर झोपायचं, असा त्या धंद्याचा नियम आहे. रविवारी सकाळी त्यांची भट्टी बंद असते आणि माझा कारखाना. मग ते तिकडून आणि मी सांगलीतून एकाच आभाळात येतो, कानाला हेडफोन लावतो आणि भांडतो.

भांडण एकच, कुठलं विमान सरस. मी मिराज उडवतो. मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यानं मिराज सोडून दुसरं काय उडवायचं, असं दाजी चिडवतात. ते मिग-एकोणतीस उडवतात. दोन्हींचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. माझं एका इंजिनाचं, त्रिकोणी पंखांचं, शेपटीला आडवे पंख नसलेलं. ते पहिल्या झटक्यात असं आत वळतं की समोरचा चक्रावतो, पण त्या एका वळणात स्वतःचा वेग घालवून बसतं आणि मग धापा टाकतं. त्यांच्या मिगला दोन इंजिनं. पहिलं वळण त्याला तितकं घट्ट घेता येत नाही, पण ते वळतच राहतं, वेग टिकवून धरतं, कंटाळा आला तर सरळ वर चढून जातं. पहिलं वळण मोठं की टिकणारं वळण मोठं, यावर आमचे कितीतरी रविवार गेले आहेत.

आमची झुंज लावायची पद्धत ठरलेली. दोघांनी एकाच उंचीवर, एकाच वेगात समोरासमोर यायचं, एकमेकांच्या अंगावरून निघून जायचं आणि तिथून वळायला सुरुवात करायची. दुसऱ्याच्या शेपटीमागं जो आधी पोचेल तो जिंकला. आणि दरवेळी दाजी जिंकायचे. दरवेळी म्हणायचे, "पाव्हणं, मिग ते मिग. तुमचं इमान दिसायला देखनं हाय, पर दम न्हाई."

मी म्हणायचो, "व्हय दाजी." मग चप्पल अडकवून कृष्णेच्या पुलावर एक चक्कर मारून यायचो, कारण घरात थांबलो तर काहीतरी बोलून जाईन अशी भीती वाटायची.

बोलण्यासारखं होतंच. झुंजीची मांडणी माझ्या कॉम्प्युटरवर होते. कुणाचं विमान कुठून सुटणार, किती उंचीवर असणार आणि त्याच्या टाकीत इंधन किती, हे सगळं मी भरतो. आणि इंधन म्हणजे वजन. भरल्या पोटी बैल शर्यतीला जुंपला तर तो काय पळणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विमानाचंही तेच आहे. माझ्या मिराजची टाकी मी गच्च भरायचो आणि दाजींची निम्मी ठेवायचो.

हे सुरू झालं दिवाळसणाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दाजी खंडाळा तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. तेव्हा माझा कॉम्प्युटर गावच्या घरी होता. जेवणं झाली, पान झालं, आता जावईबापूंचं मन कशात रमवायचं म्हणून मी त्यांना विमान दाखवलं. दोन जॉयस्टिक होत्या, शेजारच्याचा लॅपटॉप आणला, दोघं बसलो. माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते मागं येऊन उभे राहिले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाव्हन्यांना हरवायचं न्हाई. समजलं?" फौजेतली ऑर्डर होती ती. मी मांडणीत शिरलो, माझी टाकी भरली, त्यांची निम्मी केली आणि हरलो. जावई खूश, सासरा खूश, आईनं अनारशांचं ताट पुन्हा फिरवलं.

एका दिवाळीचं कौतुक तिथंच संपायला हवं होतं. पण दाजींना त्या जिंकण्याची गोडी लागली. तिकडं जाऊन त्यांनी कॉम्प्युटर घेतला, जॉयस्टिक घेतली, रात्रंदिवस भट्टीपुढं बसणारा माणूस रविवारची वाट बघायला लागला. मग टाकी बरोबरीची कशी करायची? एकदा दिलेला मान परत काढून घेता येत नाही. पुढच्या वर्षी जावयाला पाटाऐवजी चटईवर बसवता येतं का? आणि खरं सांगायचं तर मला दाजी आवडायचे. माणूस साधा, हसरा, माझ्या लग्नाचा विषय न काढणारा सगळ्या नातेवाइकांतला एकमेव. सांगलीचं भडंग पाठवा म्हणून हक्कानं सांगणारा. त्यांच्या तोंडून "मिग ते मिग" ऐकलं की मी चप्पल शोधायला लागायचो.

मी एकटा असलो की दोन्ही विमानांच्या टाक्या सारख्या भरून बघायचो. एकाच उंचीवर सपाट गोल मारायचा, आधी मिराजनं, मग मिगनं, आणि कुणाचं वर्तुळ किती लहान आलं ते बघायचं. सारख्या इंधनात पहिल्या वळणाला मिराज सरळ सरळ आत जातं. दोन गोलांनंतर मिग त्याला गाठतं. म्हणजे झुंज बरोबरीची, ज्याचं डोकं शांत तो जिंकणार. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. तपासणीत उभा राहणारा माणूस मी. कारखान्यात मी असा भाग पास केला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो.

मार्चमध्ये बहीण पोरीला घेऊन माहेरी आली. दाजींना सांगून आली की चुलतबहिणीचं लग्न आहे, जरा राहून येते. लग्न झालं, पाहुणे पांगले, ती राहिलीच. मग एक दिवस पोरीला घेऊन माझ्याकडे सांगलीला आली, कारण पोरीचा खोकला जात नव्हता आणि खोकला जात नसला की खंडाळ्यापासून जतपर्यंतची माणसं मिरजेला डॉक्टरकडे येतात.

मी गाडीवर दोघींना घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली, घरात कोण विडी-सिगारेट ओढतं का विचारलं, मग राहता कुठं विचारलं. बहिणीनं सांगितलं. डॉक्टर काही वेळ लिहायचे थांबले. म्हणाले, "औषध देतो. पण त्या धुरात परत गेली तर औषधाचा उपयोग नाही." एवढंच. बाहेर आल्यावर बहिणीनं पोरीला नारळपाणी पाजलं आणि मला म्हणाली, "दादा, मला त्यांच्यापास्नं लांब न्हाई ऱ्हायचं. मला दुकानापास्नं लांब ऱ्हायचंय. त्याच गावात येगळी खोली करायची, एवढंच. न्हाईतर जूनला हिचं नाव इथंच शाळेत घालते मी."

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? फोन केला की इचारत्यात, बरी हाईस का. मी म्हणते, बरी हाय. पोरगी? तीबी बरी हाय. आता एकदम म्हणू का, तुमच्या धंद्याच्या धुरानं पोरगी खोकायला लागली? आयुष्यभर त्यांच्या घरात त्या भट्टीची पूजा करत्यात."

"मग मी सांगू?"

"तू माझा भाऊ. तू सांगितलंस तर मी माहेरात जाऊन गाऱ्हानं केलं असं व्हईल." असं म्हणाली आणि मग गाडीवर मागं बसता बसता म्हणाली, "पर कुनीतरी सांगाया पायजे."

त्या दिवसापासून दोघी माझ्याकडेच राहिल्या आणि माझा पाय कारखान्यातही हलायला लागला. संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा. "काय रिपोर्ट?"

"कसला रिपोर्ट?"

"पाव्हन्यांशी बोललास का?"

"आण्णा, तुमी बोला की. तुमी मोठे हाय."

"मी सासरा हाय. सासऱ्यानं जावयाला आसं बोलायचं न्हाई. तुमी दर रविवारी तासतासभर बोलता. त्यात एक वाक्य जात न्हाई व्हय तुज्यानं?"

आता काय सांगायचं? तासभर आम्ही बोलतो ते वळणांबद्दल, उंचीबद्दल. त्यात पोरीच्या खोकल्याचं वाक्य कुठून घालायचं? दोन-तीन रविवार मी ठरवून बसलो. वर चढताना सांगू म्हणायचो, चढून झालं की खाली उतरल्यावर सांगू म्हणायचो. दाजी मजेत असायचे. "पाव्हणं, तिला म्हणावं आता बास झालं म्हायेर. घर सुनं वाटतंय," असं एकदा म्हणाले. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. मी म्हणालो, "व्हय दाजी, सांगतो." त्यांचा राग आला, माझाही आला. शेजारच्या खोलीत पोरगी खोकत होती आणि हेडफोनच्या त्या लहानशा माईकमधून ते त्यांना ऐकू जात नव्हतं. मी माईक तिकडं फिरवूनसुद्धा बघितला. दाजी म्हणाले, "तुमचा आवाज लांबनं येतोय, वायर हालली काय?"

मेच्या एका रविवारी हे सगळं उतू गेलं. आमची पहिली झुंज झाली आणि मी नेहमीप्रमाणे हरलो. दाजी म्हणाले, "आवं, इमान बदला आता. ह्या मिराजचं काय खरं न्हाई. किती वर्सं झाली, एकदा तरी जितलं का?"

मी म्हणालो, "इमानात काय वाईट न्हाई दाजी."

"मग चालवनाऱ्यात हाय म्हना की." आणि हसले. "न्हाई न्हाई, तुमी बरं चालवता. इमानच फुसकं हाय."

"न्हाई फुसकं."

माझा आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकघरात बहिणीच्या हातातलं लाटणं थांबलं. दाजींनाही ते जाणवलं. सोन्याच्या धंद्यातल्या माणसाला घासून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ते म्हणाले, "बरं. मग आज आदलाबदल करू. तुमचं मी घेतो, माझं तुमी घ्या. काय ते कळंल."

आदलाबदलीचा विचार आमच्यात कधी निघाला नव्हता. आपली बैलजोडी कुणी दुसऱ्याच्या हाती देत नाही तसं ते होतं. मी मांडणीत शिरलो. दाजींचं नाव मिराजसमोर टाकलं, माझं मिगसमोर. इंधनाचे दोन आकडे समोर होते, एक भरलेला, एक निम्मा. दोन्ही सारखे करायला क्षणभरही लागला नसता. आतून पोरीचा खोकला आला, लांबलचक, मध्ये श्वास न घेणारा. मी आकड्यांना हात लावला नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण मी विसरलो नव्हतो. एकदा तरी त्यांनी ते वजन घेऊन उडून बघावं असं मला वाटलं, आणि वाटलं ते चांगल्या मनानं वाटलं नव्हतं.

समोरासमोर आलो, अंगावरून गेलो आणि वळलो. मिराजनं पहिल्या वळणाला आत यायला हवं होतं, पण ते भरल्या पोटाचं विमान रुंद गोल घेत बाहेर गेलं. दुसऱ्या गोलाला मी त्यांच्या मागं होतो.

"परत," दाजी म्हणाले.

परत झालं. या वेळी त्यांनी जास्तच ओढून वळवलं, वेग गेला आणि विमान जवळजवळ आडवं पडलं. ते कसंबसं सावरलं त्यांनी. दाजी वाईट उडवत नाहीत, हे मला त्या दिवशी नीट दिसलं. इतकं वजन घेऊन मीही ते इतक्या चटकन सावरलं नसतं.

दाजींनी वेग परत मिळवायला विमान थोडं खाली सोडलं. मग म्हणाले, "हे जड हाय."

मी मिग त्यांच्या मागं नेऊन ठेवलं.

"फुसकं न्हाई. जड हाय." ते पॅनेलवर काहीतरी शोधत असणार. "पाव्हणं, टाकी जवळपास भरल्याली हाय."

"व्हय."

"तुमी उडवत व्हता तवा?"

"तवाबी भरल्याली असायची."

"आनि माझी?"

"निम्मी."

"कवापास्नं?"

"दिवाळसनापास्नं, दाजी."

आमची दोन्ही विमानं तोपर्यंत समुद्रावर आली होती, एकामागं एक, कुणी कुणाचा पाठलाग करत नव्हतं. मला वाटलं आता ते चिडतील किंवा हसतील. चिडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. हसले असते तर सुटलो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"का पन?"

"तुमी जावई."

"म्हंजी एवढी वर्सं मी जितलो ते..."

"आण्णा म्हणाले, पाव्हन्यांना हरवायचं न्हाई. मग तसंच पुढं चालू ऱ्हायलं. नंतर सांगायचं म्हंजी तुमचा अपमान."

"आवं, मी तिकडं दुकानात कामगारांना सांगतो, आमचं मेव्हनं सांगलीला हायत, कारखान्यात माप घेत्यात, तरी माझ्यापुढं टिकत न्हाईत." मग म्हणाले, "माझ्याकडं कुनी खोटं सोनं आनलं तर भट्टीत टाकलं की कळतं. तुमच्या घरात मला काय टाकायलाच देत न्हाई कुनी. समदी म्हणत्यात, बरं हाय, बरं हाय."

मी उठून उभा राहिलो. हेडफोनची वायर ताणली गेली म्हणून परत बसलो. मग पुन्हा उठलो.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "आजून काय काय सांगितलं न्हाई मला?"

हा प्रश्न मी कितीतरी रविवार शोधत होतो आणि तो त्यांनीच विचारला. आता मी सांगू शकलो असतो. डॉक्टर, धूर, जून, शाळा, सगळं मला पाठ होतं. पण ते माझं वाक्य नव्हतं. मी हेडफोन काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बहीण पोळपाटापुढं बसली होती, पोळी लाटायची सोडून. माझी बाजू तिनं ऐकलेली होती.

"दाजी विचारत्यात," मी म्हणालो, "आजून काय सांगितलं न्हाई."

तिनं तवा उतरवला. गॅस बंद केला, परत एकदा बघितला. हाताचं पीठ पदराला पुसलं. मी धरलेला हेडफोन तिनं उलटा घातला, माईक डोक्याच्या वर गेला, तो मी फिरवून दिला. माझ्या खुर्चीत ती अगदी कडेला बसली, एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी.

"हॅलो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलतीय."

तिकडून काय आलं ते मला आता ऐकू येत नव्हतं. मी तिच्या मागं उभा राहून पडद्याकडं बघत होतो. समोर लांबवर मिराज होतं. इतका वेळ ते जरा डावीकडं, जरा उजवीकडं असं करत होतं. ते सरळ झालं. विमान आपोआप एका उंचीवर सरळ ठेवणारं बटण लावून दाजींनी दांडा सोडला असणार.

"बरी न्हाई," बहीण म्हणाली. "पोरगी बरी न्हाई. खोकला थंडीचा न्हाई तिचा. डागदरनं सांगितलंय."

मग ती बरंच बोलली. आधी चाचरत, मग सलग. भट्टी पेटली की खिडकी लावून घ्यावी लागते, आणि खिडकी लावली की धूर जिन्यातून येतो. पोरगी रात्री उठून बसते. शेजारी कुणी आपल्या भाषेतलं नाही, त्याचं काही नाही, शिकेन मी, पण दिवसभर त्या खोलीत दार लावून बसायचं तर भाषा कुणाकडून शिकायची? लग्नाच्या पहिल्या वर्षी तिलाही खोकला झाला होता आणि तेव्हाही ती बरी हाय म्हणाली होती. हे मला माहीत नव्हतं. मी तिचा भाऊ आणि मलाही माहीत नव्हतं.

मध्येच पडद्यावर लाल दिवा लागला आणि काहीतरी वाजायला लागलं. ती दचकली. "दादा, ह्ये काय वाजतंय?"

"काय न्हाई. तू बोल."

तो माझ्या मिगचा इंधनाचा दिवा होता. त्याची टाकी निम्मीच होती, आणि दोन झुंजींत ती मी भसाभस जाळली होती. मी पुढं वाकून नुसतं विमानाचं नाक सरळ धरलं. बहीण तोपर्यंत पुढं गेली होती.

"न्हाई, मला गावाकडं ऱ्हायचंच न्हाई. तिथंच ऱ्हायचंय. पर दुकानावर न्हाई." थांबली. ऐकलं. "ते मला कसं म्हाईत? दुकानात कोन झोपनार ते तुमी बघा." परत थांबली. या वेळी बराच वेळ. तिचा हात टेबलावर होता आणि बोटांना सुकलेलं पीठ होतं. "हां. मोठी कशाला? दोन खोल्या बास. धूर यायला नको एवढंच बघा."

माझं एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. आवाज गेला आणि विमान हळूहळू खाली जायला लागलं. मी हात काढून घेतला. समुद्र जवळ आला, पडदा एकदा हलला आणि मिग बुडालं. बहिणीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. मी उंचावरून बघायचा कॅमेरा लावला. निळ्या पाण्यावर मिराज एकटंच चाललं होतं, सरळ, न हलता.

"आनि आजून एक सांगायचंय," बहीण म्हणाली. खुर्चीत ती आता मागं टेकून बसली होती. मी जाऊन तिच्या अर्धवट पोळ्या लाटायला घेतल्या. घाई नव्हती. दाजींची टाकी भरलेली होती.